गाडी चुकली ती शुभेच्छांमुळे?

वाचकाचं पत्र :

‘ताई, नमस्कार. मी बोरिवलीला राहते, नरिमन पॉइंटला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. सकाळच्या चर्चगेट लेडीज स्पेशलने जाणाऱ्या आम्हा बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. काही वर्षांपूर्वी मीच काढला. विरारपासून अंधेरीपर्यंतच्या तीनशेच्या वर बायका त्यात आहेत. गाडी कुठे पोचली, किती लेट आहे, प्लॅटफॉर्म बदलला का, एवढ्यापुरता ग्रुप. आता त्यावर सुप्रभात, सुविचार, वाढदिवस, कुर्त्यांचे फोटो, कोणाच्या सासूच्या गुडघ्यासाठी डॉक्टर, सगळं चालतं. जुलैत एका पावसाळी सकाळी भाईंदरहून एकीने लिहिलं की गाडी आज बोरिवलीला नेहमीच्या प्लॅटफॉर्मवर येणार नाही. नेमका त्याच वेळी एकीचा वाढदिवस. पाच मिनिटांत तो मेसेज केकच्या फोटोंखाली गाडला गेला आणि आम्ही वीसेक जणी चुकीच्या प्लॅटफॉर्मवर. मला लेट मार्क लागला. रात्री अकरा वाजता मी ग्रुपवर लिहिलं : “यापुढे गाडीखेरीज एकही मेसेज टाकू नये. टाकल्यास काढून टाकण्यात येईल.” दोन दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं, गाडीचंही कोणी काही सांगेना. रोज सुविचार टाकणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्या ग्रुप सोडून गेल्या. आणि काही जणींनी मला वगळून “गप्पांचा डबा” नावाचा वेगळा ग्रुप काढला आहे म्हणे. मी कडक राहू, की अ‍ॅडमिनपद सोडून देऊ? शिवाय कोणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस आधी अ‍ॅडमिनला उचलतात, असं नवरा म्हणतो. खरं का ते?
– एक अ‍ॅडमिन, बोरिवली’

प्रिय अ‍ॅडमिनबाई,

आधी तुमच्या यजमानांचं समाधान करू, म्हणजे आपल्याला निवांत बोलता येईल. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली निकाल दिला. ग्रुपमधल्या कोणी आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून अ‍ॅडमिनला गुन्ह्यात ओढता येत नाही. दोघांचा समान हेतू होता किंवा आधी ठरवून केलेला बेत होता, हे दिसावं लागतं. सदस्य घेणं आणि काढणं एवढंच अ‍ॅडमिनच्या हातात असतं, मजकूर येण्याआधी तो अडवता येत नाही, हे कोर्टाने ध्यानात घेतलं. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं. तेव्हा उचलून नेण्याची भीती मनातून काढा. मात्र 2022 पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो, ही सोय त्या निकालाच्या वेळी नव्हती. म्हणून माझ्या मते, द्वेषाचं किंवा कोणाच्या अब्रूचं काही दिसलं, तर ‘मी कशाला मध्ये पडू’ म्हणून ते तिथे राहू देऊ नका. पुसा, आणि जिने टाकलं तिला कळवा.

आता तुमचं दुखणं.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : गाडीचंही कोणी काही सांगेना. ते का झालं, याचा जरा विचार करा. तुमच्या ग्रुपवरची बातमी रेल्वे देत नाही. ती विरारला, वसईला, भाईंदरला तुमच्या आधी फलाटावर उभी असलेली बाई देते. तिच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, खांद्यावर पर्स, आणि तशात ती अंगठ्याने टाइप करते की गाडी अजून आलेली नाही. तिला यातून काय मिळतं? तिला स्वतःला गाडी दिसतेच आहे. ती लिहिते, कारण बोरिवलीला उभ्या असलेल्या बायका तिला ठाऊक आहेत. कोणाचं पोर दहावीला आहे, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोणाला चौथ्या सीटवर बसायला लागलं की पाठ धरते, हे तिला माहीत आहे. आणि हे तिला कशामुळे माहीत झालं? तुम्ही ज्याला फालतू मेसेज म्हणता, त्यामुळेच. गप्पा बंद केल्यात आणि बातमीचा झराही आटला. तुम्ही एकीला म्हणालात ‘बोलू नका’, ऐकलं तिघींनी.

म्हणून माझा सल्ला असा, की विषयावर बंदी घालू नका, वेळेवर घाला.

गाडीच्या वेळेत फक्त गाडी. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. या वेळेत सुविचार नाही, केक नाही, कुर्ता नाही, गुडघाही नाही. दहा वाजले की हवं ते बोला. ‘फक्त गाडीचंच बोला’ हा नियम दिवसभर पाळायचा म्हटला, तर तो तुम्हाला दिवसभर राखत बसावं लागेल, आणि तुम्ही ऑफिसात ताळेबंद जुळवायचा की ग्रुपवर पहारा द्यायचा? सकाळचे चार तास पाळायला सोपे असतात, कारण त्यामागचं कारण प्रत्येकीला स्वतःच्या अंगावर कळतं. गर्दीत दोन बायकांमध्ये अडकलेली असताना वर सरकवत सरकवत साठ मेसेज बघता येत नाहीत.

ज्यांच्याकडून नियम पाळून घ्यायचा, त्या बायकांना नियम नवा नाही, हेही ध्यानात घ्या. पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली. तेव्हापासून या गाडीच्या डब्यात हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणं होतात, मटार सोलून होतात, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या दिसतात. पण दादर आलं की उतरणाऱ्यांना वाट मिळते. हळदीकुंकवाची तबकंसुद्धा त्या अर्ध्या मिनिटापुरती वर उचलली जातात. ‘कुठे उतरणार?’ असं विचारून बसलेल्या बाईची सीट आपल्या नावावर करायची, हा नियम कोणत्या फलकावर लिहिलाय? कुठेच नाही, आणि तो मोडणारीला डब्यात काय ऐकावं लागतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही नरिमन पॉइंटला कामाला आहात, म्हणजे विधानभवन तुमच्या रोजच्या वाटेवरच असणार. तिथेसुद्धा कामकाजाची पत्रिका ठरलेली असते. तरी पत्रिकेवर नसलेला, पण आजच बोलायला हवा असा विषय सदस्य ‘औचित्याचा मुद्दा’ म्हणून मांडतात. अध्यक्ष परवानगी देतात किंवा नाकारतात. आपल्या सोसायट्यांच्या सभेतही शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ असतातच. ते कलम नसतं, तर गच्चीच्या गळतीवर चर्चा चालू असताना पार्किंगचं भांडण मध्येच घुसलं असतं. पत्रिकेबाहेरच्या विषयाला आपली वेळ येणार आहे हे माहीत असलं, की माणूस थांबतो. तुमच्या फतव्यात ती वेळच नव्हती.

‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग तुम्हाला कोणीतरी सुचवेल. 2018 पासून ती आहे, आणि सोसायटीच्या नोटिशीसाठी, शाळेच्या सूचनांसाठी उत्तम आहे. तुमच्या ग्रुपला ती विषासारखी. भाईंदरची बाई लिहूच शकणार नाही, मग तुम्ही बोरिवलीला उभ्या राहून कोणाला काय सांगणार? तिचा उपयोग एकाच वेळी : भांडण पेटलं तर. तेव्हा अर्धा तास ग्रुप बंद करा. बंद करण्याआधी लिहा की का बंद करतेय आणि किती वाजता उघडतेय, आणि त्या वेळेला उघडाच. रात्रभर बंद ठेवलेल्या ग्रुपमधलं भांडण वैयक्तिक मेसेजवर जातं आणि सकाळपर्यंत त्याला पंख फुटतात.

वाढदिवसाचं काय करायचं, ते फारच सोपं आहे. शुभेच्छांनी तुमचं नुकसान केलं नाही, शुभेच्छांच्या ओळींनी केलं. चाळीस जणींनी चाळीस वेळा ‘हॅपी बर्थडे’ लिहिलं की चाळीस ओळी. त्याच चाळीस जणींनी एकाच मेसेजवर बोट दाबून हृदय नाहीतर केक चिकटवला, तर ग्रुप एक ओळही पुढे सरकत नाही. 2022 पासून ही सोय आहे आणि अजून कितीतरी बायकांना ती माहीत नाही. मेसेजवर बोट दाबून धरायचं, वर चित्रं येतात, त्यातलं निवडायचं. डब्यात दोघीतिघींना करून दाखवा. वाढदिवसाचा मेसेज दहानंतर एकीने टाकायचा, बाकीच्यांनी त्याला चित्र चिकटवायचं. ज्यांना चार ओळी लिहायच्याच आहेत, त्यांनी त्या बाईला वेगळ्या लिहाव्यात. तिलाही ते जास्त आवडेल.

आणि गाडीची बातमी कशी लिहायची, हेही एकदा ठरवून टाका. ‘आज पण लेट, काय हे रेल्वेवाले, कंटाळा आला बाई’ या वाक्यात बातमी कुठे आहे? स्टेशन, वेळ, डोळ्यांना काय दिसतंय, एवढंच हवं. ‘वसई 7.20, अजून आलेली नाही, इंडिकेटर कोरा.’ असं असलं की घाईत नजर टाकणाऱ्या बाईलाही कळतं. ‘ऐकलं की...’ ने सुरू होणारं वाक्य गाडीच्या वेळेत नको. एवढ्यावर मी जोर देते, त्याला कारण आहे.

विषयाबाहेरच्या मेसेजने तुमची एक गाडी चुकली. विषयाला अगदी धरून आलेला, पण खोटा मेसेज त्याहून कितीतरी जास्त नुकसान करतो, आणि त्याकडे अ‍ॅडमिनचं लक्ष जात नाही, कारण तो ‘गाडीचाच’ असतो. रुळांवर पाणी भरल्याचा व्हिडिओ येतो, चार वर्षांपूर्वीचा असतो, आणि निम्म्या बायका घरी परततात. हे झालं हलकं उदाहरण. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनाफोनांवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे 2020 मध्ये, खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते. तुमच्या ग्रुपचा नियम इतकाच ठेवा : दोन बाण असलेलं काही गाडीच्या ग्रुपवर नको, मग ते रेल्वेबद्दल का असेना. ‘सावधान, लेडीज डब्यात...’ ने सुरू होणारं तर मुळीच नको. डब्यात खरंच कोणी त्रास देत असेल, तर 139 वर फोन करायचा. तो नंबर ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवा. पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, तेव्हा दर महिन्याला पास काढताना तीही नव्याने लावायची.

डब्यात काढलेल्या फोटोंचंही इथेच सांगते. सीटवरून भांडणाऱ्या दोन बायकांचा व्हिडिओ, झोपलेल्या अनोळखी बाईचा ‘बघा कशी झोपलीये’ म्हणून फोटो. याला दहानंतरही जागा नाही. हे विचारायच्या आधी पुसा.

बाकी पुसण्याबाबत हात आखडता घ्या. मेसेज पुसला की त्याच्या जागी अमुक अ‍ॅडमिनने पुसला अशी ओळ राहते. तीनशे बायका ती ओळ वाचतात आणि त्यात काय होतं याचे तर्क लढवत बसतात. सुविचारापेक्षा ते जास्त खमंग. सकाळी सात वीसला कोणी सुप्रभात टाकलं, तर ते असू द्या, खाली एवढंच लिहा : ‘शुभेच्छा दहानंतर गं, आत्ता गाडी येऊ दे.’ तुम्ही त्या रात्री लिहिलंत ते ‘टाकू नये’, ‘काढून टाकण्यात येईल’ हे फलाटावरच्या पाटीचं बोलणं झालं. ज्या बाईने काल तुमच्या मांडीवर आपली पिशवी ठेवली, तिच्याशी पाटीसारखं बोललं की ती दुखावणारच. तीच बाई रोज सात वीसलाच टाकत असेल, तर डब्यात भेटल्यावर कानात सांगा. ग्रुपवर तिसऱ्यांदा टोकलं की तो तमाशा होतो.

कोणी भलत्या वेळी खरंच गरजेचं काही विचारलं तर? ‘कांदिवलीत हाडांचे चांगले डॉक्टर?’ असं सकाळी आठला. इथे एक युक्ती आहे. संभाषण प्रश्नाच्या मागे जात नाही, पहिल्या उत्तराच्या मागे जातं. गाडीच्या ग्रुपवर एकीने डॉक्टरचं नाव दिलं की पाठोपाठ आणखी चौघी आपापल्या हाडांची कहाणी घेऊन येतातच. तेव्हा तो प्रश्न उचला, गप्पांच्या ग्रुपवर टाका, पहिलं उत्तर तिथे द्या आणि इकडे एक ओळ लिहा : ‘तिकडे उत्तर दिलंय.’ नुसतं ‘तिकडे विचारा’ म्हणून सोडून दिलंत, तर ते वर्गाबाहेर उभं करण्यासारखं होतं.

‘तिकडे’ म्हणजे कुठे? तुम्हाला वगळून काढलेला तो गप्पांचा डबा. मला तर त्या बायकांचं कौतुक वाटलं, तुमचं अर्धं काम त्यांनी फुकटात केलंय. राग आला असेल, येणारच. पण तो ग्रुप बंद पाडायच्या किंवा त्याच्यापेक्षा चांगला काढायच्या भानगडीत पडू नका. जिने काढला तिला सांगा, ‘मलाही घे.’ साधी सदस्य म्हणून जा, अ‍ॅडमिनपद मागू नका, दिलं तरी घेऊ नका. आणि तिथे बोला. तुमच्या घरच्या मांजरीचा फोटो टाका, लेट मार्कबद्दल साहेबांना शिव्या घाला. गाडीच्या ग्रुपची शिस्तप्रिय बाई गप्पांत रमते हे दिसलं, की दोन ग्रुप म्हणजे दोन गट राहणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपची ‘कम्युनिटी’ नावाची सोयही आहे, दोन्ही ग्रुप एका छताखाली बांधता येतात. मी तरी सध्या तिच्या वाटेला जाणार नाही. ज्यांनी मुद्दाम वेगळं घर केलं, त्यांना लगेच छताखाली बोलावलं तर घरमालकीण कोण, हा वाद सुरू होईल.

राजकारणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते येणारच. मुंबईत निवडणूक कायम कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर उभीच असते. तुमच्या ग्रुपवर मराठी, गुजराती, हिंदी, कोकणी, सगळ्या बायका असणार, म्हणजे भाषेचा विषयही निघेल. ‘राजकारण नको’ एवढं म्हणून भागत नाही, कारण गाडीच राजकारणात असते. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी लोकल आल्या म्हणून कळवा, बदलापूरकडे प्रवासी उतरले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. हा विषय गाडीचा नाही, असं कोण म्हणेल? 20 ऑगस्ट 2024 ला शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापुरात लोक रुळांवर बसले. त्या दिवशी गाड्या बंद का आहेत हे सांगताना कोणाचा आवाज कोरडा राहिला असेल? मी रेघ इथे ओढेन : रेल्वेने काय केलं, काय करायला हवं, हे चालेल, दहानंतर मनसोक्त. कोणाला मत द्यायचं, कोणत्या पक्षाचा कोण कसा, कोणी कोणत्या भाषेत बोलावं, हे दोन्ही वेळेत नाही. कुंपणावर बसलेला मेसेज आला तर सोडून द्या. दर वेळी निवाडा करायला बसलात, तर निवाड्यावरच वाद होतील.

आणि असा एखादा दिवस येतो की सगळे नियम गुंडाळून ठेवायचे. 29 ऑगस्ट 2017 आठवतोय ना? मुसळधार पावसात गाड्या जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत निघाले. त्या दिवशी ‘माझं घर अंधेरीला आहे, चौघी राहू शकता’, ‘कोणाच्या मुलाची स्कूलबस पोचली का’, ‘फोनला चार्जिंग नाही, माझ्या घरी कळवा’, हे सगळं तुमच्या फतव्याप्रमाणे विषयाबाहेरचं ठरलं असतं. अशा दिवशी अ‍ॅडमिनने एकच मेसेज टाकावा : ‘आज काहीही लिहा.’ आणि कोण कुठे अडकलंय याची नावं एका मेसेजमध्ये गोळा करत राहावं.

आता त्या शिक्षिका. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, पण मला ती टोचली, आणि तुम्हालाही टोचते आहे, नाहीतर लिहिली नसतीत. निवृत्त झालेली बाई लेडीज स्पेशलच्या ग्रुपवर काय करते? तिला गाडी पकडायची नाही. तिला प्लॅटफॉर्मशी देणंघेणं नाही. वर्षानुवर्षं ज्या बायकांबरोबर उभं राहून ती शाळेत गेली, त्या तिला रोज सकाळी भेटतात त्या इथेच, आणि बोलायला दुसरं काही नाही म्हणून ती सुविचार टाकते. नेमका गाडीच्या वेळेला, कारण तिच्या अंगातलं घड्याळ अजून त्याच वेळेचं आहे.

त्यांना फोन करा. मेसेज नको, फोन. बोरिवलीतच राहत असतील तर रविवारी जाऊन या. माफी मागायची ती नियमासाठी मागू नका, नियम हवाच होता. रात्री अकराला, सगळ्यांसमोर, काढून टाकायच्या धमकीसकट लिहिल्याबद्दल मागा. मग नवीन वेळा सांगा आणि परत या म्हणा. लगेच येतील असं नाही. शिक्षिका आहेत, चार दिवस रुसतील, त्यांचा हक्क आहे. त्यांना खूश करायला अ‍ॅडमिन करा, असं कोणी सुचवेल. करू नका. ज्याला दिवसभर वेळ आहे त्याच्या हाती दंडुका दिला, की तो दिवसभर चालतो. त्यांना सदस्य म्हणूनच येऊ द्या.

अ‍ॅडमिन मात्र आणखी तिघी हव्यात, आणि त्या रोज गाडीत चढणाऱ्या हव्यात. एक तुमच्या आधी चढणारी, वसई-भाईंदरकडची. एक तुमच्या नंतरची. आणि एक संध्याकाळची, जी चर्चगेटहून परतीची गाडी धरते. सकाळी तुम्ही गर्दीत असाल तेव्हा विरारकडची बसलेली असते, तिला टाइप करता येतं. चौघींनी आपसात ठरवा की एकीने काही केलं तर दुसरी ते ग्रुपवर उलटवणार नाही, मतभेद चौघींतच बोलायचे.

पद सोडायचं म्हणता, तर या तिघी नेमल्याशिवाय सोडू नका. ग्रुपचा एकमेव अ‍ॅडमिन निघून गेला, तर व्हॉट्सअ‍ॅप सदस्यांपैकी कोणालाही अ‍ॅडमिन करून टाकतं. तो मान कुर्तेवाल्या ताईंना मिळाला, तर पुढचं मी सांगत नाही.

हे सगळं जाहीर करायच्या आधी एक काम. ग्रुपच्या माहितीत खाली जा, गेल्या साठ दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी दिसते. हल्ली माणूस गुपचूप बाहेर पडतो, ते फक्त अ‍ॅडमिनला कळतं, आणि मेसेजच्या गर्दीत ती ओळ तुमच्याही नजरेतून सुटली असेल. त्यातल्या चौघींना विचारा, का गेलात. तुमच्या फतव्याच्या आधी गेलेल्या कदाचित मेसेजच्या भडिमाराला कंटाळून गेल्या असतील, नंतरच्या फतव्याला. आधीच्या जास्त निघाल्या, तर वेळा आणखी कडक ठेवा. नंतरच्या जास्त निघाल्या, तर मला वाटतं तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे. ज्या गेल्या नाहीत त्यांच्यापैकी कितीतरी जणींनी ग्रुप कायमचा म्यूट करून ठेवला असेल. त्या कोणत्याच यादीत दिसत नाहीत, आणि प्लॅटफॉर्म बदलल्याची बातमी त्यांच्यापर्यंत जुलैतही पोचली नसती. त्यांना डब्यात विचारायचं : ‘तुझ्या फोनला आवाज येतो का गं ग्रुपचा?’

मग एक पोल टाका. ‘सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाच ते नऊ फक्त गाडी. चालेल / वेळ बदला.’ तिसरा पर्याय देऊ नका, नाहीतर त्यावरच दोनशे मेसेज येतील. निकाल आला की पिन. पिनचा मेसेज पाच ओळींच्या वर गेला तर कोणी वाचणार नाही.

राहता राहिले कुर्ते. आणि पुढे दिवाळीचा फराळ येईल. यावर बंदी घालायच्या मी विरुद्ध आहे. नोकरी सांभाळून चार पैसे मिळवणारी बाई आपल्याच डब्यातल्या बायकांना विकणार नाही, तर कोणाला? शनिवारी संध्याकाळी नऊनंतर आणि रविवारी दिवसभर विक्री चालू. एकीचा आठवड्याला एकच मेसेज, त्यात फोटो, भाव आणि ‘हवं असल्यास मला वेगळा मेसेज करा’. ‘मलापण दोन’, ‘निळा आहे का’, ‘चकली खुसखुशीत आहे ना गेल्या वेळसारखी’ हे तिच्या वैयक्तिक खिडकीत. आणि कोणी कोणाचे पैसे थकवले तर त्यात अ‍ॅडमिन पडणार नाही, ही ओळ त्या पाच ओळींत आत्ताच घालून ठेवा.

– तुमची ताई